वैद्यसेवा : विसर पडलेला एक फर्जे किफाया



काही वर्षांपूर्वी जुम्याची नमाज आटोपून मशिदीच्या सहनातून बाहेर पडत असता एका परिचित गृहस्थांनी मला बाजूला घेतले. त्यांची कन्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली होती. प्रवेश घेताना तिने शासनाला बंधपत्र लिहून दिले होते की, पदवीनंतर एक वर्ष शासकीय सेवा करीन. न केल्यास दंड भरीन. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हा दंड दहा लाख रुपये होता. तिची नेमणूक घरापासून बरीच दूर, डोंगराळ भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली होती. "भाई," ते म्हणाले, "रक्कम जमली आहे. निम्मी धाकट्या भावाने दुबईहून पाठविली. दंड भरून टाकतो आणि मुलीला पुढच्या परीक्षेच्या तयारीला बसवितो. दीनच्या दृष्टीने यात काही गैर नाही ना?"

मसला मुफ्तीसाहेबांना विचारावा, फतवा देणे माझे काम नव्हे, असे मी त्यांना सांगितले. पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हा प्रश्न एका घराचा आहे असे वरवर वाटते. विचार करू लागलो की तो आपल्या सर्वांच्या दारात येऊन उभा राहतो.

प्रथम कराराचा भाग पाहू. पवित्र कुरआनच्या सूरह अल-माइदाचा आरंभच ईमानवंतांना केलेले करार पूर्ण करण्याच्या आदेशाने होतो, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये दिलेल्या वचनाबाबत जाब विचारला जाईल असा इशारा आहे. त्या गृहस्थांचा युक्तिवाद असा की, बंधपत्रातच दोन वाटा दिल्या आहेत, सेवा अथवा रक्कम. दोहोंपैकी कोणतीही एक धरली की वचन पाळले गेले. कायद्याच्या भाषेत हे खरे असेलही. तथापि बंधपत्रात शब्द आहे 'दंड'. वस्तू घेताना आपण देतो ती किंमत. शब्द मोडला म्हणून भरावा लागतो तो दंड. दोहोंत नोटा त्याच मोजल्या जातात, म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

कसम मोडल्यास कफ्फारा आहे, हे आपण जाणतो. दहा गरिबांना जेवू घालावे किंवा वस्त्र द्यावे. पण कफ्फारा देण्याची ऐपत आहे म्हणून कोणी मोडण्याच्याच इराद्याने कसम खात नाही. येथे कोणी म्हणेल, की अधिक चांगले काम समोर आले तर कसम मोडून कफ्फारा द्यावा, अशीही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. बरोबर आहे. मग विचारायचे ते हेच: एका बाजूला ज्या केंद्रात डॉक्टर नाही तेथील एक वर्ष, आणि दुसऱ्या बाजूला शिकवणी वर्गातील एक वर्ष. यांत 'अधिक चांगले काम' कोणते? शिवाय शासकीय महाविद्यालयातील शिक्षणाचा मोठा भार सार्वजनिक तिजोरी उचलते. त्या तिजोरीत डोंगरातल्या त्या वाडीवरच्या माणसाने काडेपेटी आणि साबण घेताना भरलेला करही असतो. ती अमानत आहे.

इतके लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख त्या मुलीवर आरोपपत्र झाला असता, आणि ते अन्यायाचे झाले असते.

आपल्या देशातील मानकानुसार सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. महाराष्ट्रात अशा केंद्राला सामान्यतः दोन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. अनेक ठिकाणी प्रत्यक्षात एकच असतो. सकाळचा बाह्यरुग्ण विभाग, दुपारी लसीकरण अथवा उपकेंद्राची भेट, संध्याकाळी अहवाल, रात्री बाळंतपण, मध्यरात्री सर्पदंश. औषध संपले तर बोलणी डॉक्टरने खायची, रुग्णवाहिका वेळेवर आली नाही तरी बोलणी त्यानेच खायची. राहण्याचे घर गळके, जवळ चांगली शाळा नाही, आणि एकट्या मुलीला रात्री दार ठोठावणारा रुग्ण आहे की कोणी मद्यपी, हे दार उघडल्यावाचून कळत नाही. एखादा रुग्ण दगावला तर जमाव चालून येतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. उपचार करणाऱ्या हातांना उपचार घेणाऱ्यांपासून वाचविण्यासाठी कायदा! ज्या पित्याला हे सर्व ठाऊक आहे, त्याची भीती खोटी कशी म्हणावी?

आता इमाम गझाली (रह.) यांच्याकडे वळू. 1111 मध्ये त्यांचे निधन झाले. 'इह्या उलूमुद्दीन' या आपल्या ग्रंथाच्या ज्ञानविषयक प्रकरणात त्यांनी वैद्यकाची गणना फर्जे किफायामध्ये केली आहे. फर्जे ऐन प्रत्येकावर असतो, जशी नमाज, जसा रोजा. फर्जे किफाया समुदायावर असतो, जशी जनाज्याची नमाज. काहींनी अदा केली तर सर्वांची जबाबदारी उतरते. कोणीच अदा केली नाही तर सर्वच गुन्हेगार ठरतात. वस्तीत वैद्य नसेल तर सारी वस्तीच हलाखीत सापडते, असे ते बजावतात.

त्याच प्रकरणात त्यांची एक तक्रार आहे, जी मला आजही चटका लावून जाते. ते म्हणतात की, कित्येक शहरांत मुस्लिम वैद्य उरलेला नाही, तरीही कोणी वैद्यकाकडे वळत नाही. सारे विद्यार्थी फिकहच्या वादविवादात गर्दी करीत आहेत, जेथे आधीच पुरेशी माणसे आहेत. कारण काय? त्या वाटेने काझीपद मिळते, वक्फचा कारभार हाती येतो, अनाथांच्या मालमत्तेची देखरेख मिळते, प्रतिष्ठा मिळते. वैद्यकातून यांतले काही मिळत नाही.

आज पारडे फिरले आहे. आता गर्दी वैद्यकाकडे आहे, आणि आपली मुले-मुलीही त्यात मागे नाहीत, अल्हम्दुलिल्लाह. म्हणून गझालींची तक्रार निकालात निघाली काय? मला तसे वाटत नाही. त्यांचा रोख मुळात गर्दी कोठे जाते आणि का जाते, यावर होता. आज तीच गर्दी वैद्यकाच्या आत शिरून पुन्हा प्रतिष्ठेच्या कोपऱ्यात जमली आहे. क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, अस्थिरोग यांच्या जागा गुणवत्ता यादीत वर असलेले प्रथम उचलतात. सामाजिक वैद्यकाचा क्रम फार खाली लागतो; कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर जागा तर देशात अत्यंत थोड्या. ताप, खोकला, गरोदर बाई, रक्तदाब, लहान मुलाचे जुलाब हे सर्व पाहणारा, घरातील तीन पिढ्यांना नावाने ओळखणारा डॉक्टर हळूहळू नाहीसा होत आहे.

आणि त्याला नाहीसे करण्यात आपला हात नाही, असे छातीवर हात ठेवून कोणाला म्हणता येईल? आपल्या घरातील बोलणी आठवून पाहा. स्थळ पाहताना विचारतो, "नुसता एम.बी.बी.एस.च का?" मोहल्ल्यातील बी.यू.एम.एस. डॉक्टर वर्षानुवर्षे अर्ध्या रात्री उठून आला, त्याला "आपला हकीम" म्हणून हसतो, आणि डोके दुखले की थेट मेंदूच्या तज्ज्ञाकडे नंबर लावतो. साध्या सर्दीला डॉक्टरने विश्रांती सांगितली तर तो आपल्याला अडाणी वाटतो. सुई टोचली, सलाईन लावले की तो हुशार. मग सलाईनच्या बाटलीवर दुकान थाटणारा बोगस डॉक्टर आपल्याच पैशावर जगतो. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात प्रेषितांचा (स.) स्पष्ट निर्णय आहे की, वैद्यक अवगत नसताना जो उपचार करील तो होणाऱ्या हानीस जबाबदार राहील. स्वतः प्रेषितांनी (स.) आजारी असलेल्या हजरत साद (रजि.) यांना सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या जाणत्या वैद्याकडे जाण्यास सांगितले होते. दुआ आणि जाणता वैद्य, दोन्ही. ताईत विकणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना हा प्रसंग आठवावा.

'नुसता एम.बी.बी.एस.' या शब्दांविषयी आणखी थोडे. कोकणात विंचूदंशाने पूर्वी किती घरे उजाड केली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. लाल विंचू चावला की हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन विशेषतः मुले दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. अशा रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या. ती निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने शेकडो जीव वाचू लागले. मध्यंतरी ते पुण्याला एम.डी. करण्यास गेले, आणि परत महाड परिसरातच आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू ज्या गावात चावत होता, ते ज्ञानही त्याच गावात सापडले. एका जिवाला वाचविणे म्हणजे जणू सर्व मानवजातीला वाचविणे, हा कुरआनचा आशय आपण व्याख्यानांत वारंवार ऐकतो. तो बिरवाडीत घडला. घडविणारा आपल्या समाजाचा नव्हता, याची खंत नको, पण गझालींची तक्रार येथे आठवल्यावाचून राहत नाही.

खेड्यात डॉक्टर जात नाही, ही अडचण आजची नाही. अब्बासी खलीफा मुक्तदिर याच्या काळात, सुमारे अकराशे वर्षांपूर्वी, वजीर अली बिन ईसा याने बगदादचा प्रमुख वैद्य सिनान बिन साबित याला लिहिले की, सवादच्या ग्रामीण भागात आजारी माणसे असणार आणि तेथे वैद्य नसणार. तेव्हा औषधांसह फिरते वैद्य पाठवावेत, त्यांनी गावोगाव गरजेपुरता मुक्काम करावा. वैद्य निघाले. सूरा येथे बहुसंख्य वस्ती यहुद्यांची होती. त्यांच्यावर उपचार करावेत काय, अशी विचारणा सिनानने केली. उत्तर आले की, करावेत, आणि जनावरांवरही करावेत. त्या उत्तरात मुस्लिमांना आधी असा क्रम सांगितला होता, तो मी लपवीत नाही. त्या काळाच्या राज्यकारभाराची ती भाषा होती. मला महत्त्वाचे वाटते ते पत्राचे पहिले वाक्य. कोणी तक्रार घेऊन दरबारात आले नव्हते. वजिराने स्वतःच ताडले की जेथे वैद्य नाही तेथेही रोगी असणारच.

त्याच सुमारास होऊन गेलेल्या अर-राझी यांनी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ असा की, ज्याच्यापाशी वैद्य हजर नाही त्याच्यासाठी. राजवैद्यांच्या तोडीचा हा माणूस, पण स्वयंपाकघरात आणि बाजारात मिळणाऱ्या वस्तूंनी गरिबाला काय करता येईल, हे लिहिणे त्याला कमीपणाचे वाटले नाही.

मग फर्जे किफायाचा हिशेब आज कसा मांडावा? एका मुलीला डोंगरावर पाठवून बाकीच्यांनी 'आमच्यावरून उतरले' म्हणणे, हा हिशेब मला खोटा वाटतो. जनाज्याच्या नमाजला थोडेच लोक उभे राहिले तरी चालते, हे खरे. पण कबर खणणारा, कफन शिवणारा, खांदा देणारा, सगळे मिळून ते काम पुरे होते. डॉक्टरचेही तसेच आहे. कोकणातील किती गावांत परदेशातून आलेल्या पैशावर मशिदीला संगमरवर बसला, कमानी झाल्या! अल्लाह तो खर्च कबूल करो. पण त्याच गावची जमात आरोग्य केंद्रातील डॉक्टरच्या घराचे छप्पर दुरुस्त करू शकत नाही काय? तेथे रात्री एक पहारेकरी ठेवू शकत नाही? हे शासनाचे काम आहे, यात शंका नाही, आणि ते शासनाकडून मागितलेच पाहिजे. रिक्त जागांविषयी ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारे आपल्यातले किती? आणि रुग्ण दगावल्यावर जमाव गोळा होतो, तेव्हा त्याच्यापुढे उभे राहून "थांबा" म्हणणारा इमाम, सरपंच, एखादा म्हातारा, कोण असतो?

कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील की, मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण भेटीपुरती वाचतो. बंदा चकित होऊन विचारतो, तू तर सर्व विश्वांचा स्वामी, तुला कसे भेटणार? उत्तर मिळते की, माझा अमुक बंदा आजारी होता; तेथे गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी सापडलो असतो. पत्ता दिलेला आहे. तो बहुधा डांबरी रस्ता संपतो त्याच्यापुढचा असतो.

पुढच्या जुम्याला ते गृहस्थ पुन्हा भेटले. मी यांतले जमेल तेवढे त्यांना सांगितले, आणि शेवटी एकच विचारले की, मुलीचे काय म्हणणे आहे? ते गप्प झाले. तिला कोणी विचारलेच नव्हते. घरी जाऊन विचारले, तर ती म्हणाली, "अब्बा, मी जाते. फक्त पहिला महिना अम्मीला माझ्याबरोबर राहू द्या." अम्मी तीन महिने राहिली. केंद्रातील परिचारिकांनी मुलीला बाळंतपणे शिकविली, हे ती स्वतःच हसत सांगते. पावसाळ्यात खोलीत पाणी आले तेव्हा गावातल्या दोन घरांनी, एक मराठ्यांचे आणि एक आपल्यांचे, तिच्या निजण्याची सोय केली. दोनदा ती रडून घरी फोन करून मोकळी झाली. एकदा एक मूल वाचले नाही म्हणून, आणि एकदा कोणी तरी तिला शिवीगाळ केली म्हणून.

वर्ष पुरे करून ती पुढे शिकायला गेली, बालरोग विषयात. वडिलांनी भावाची रक्कम परत करू पाहिली, तर भावाने घेतली नाही; त्या गावी काय हवे ते करा, म्हणाला. छप्पर झाले. खोली आता कोरडी असते. डॉक्टरची ती जागा मात्र तिच्यानंतर अजून भरलेली नाही.