कार्डावरचे कर्ज आणि आपला हिशेब



क्रेडिट कार्डाची मर्यादा ही आपली मिळकत नव्हे. ते कर्ज आहे. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ भरून अनेक घरे निर्धास्त होतात. तिच्यामुळे विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. उरलेल्या रकमेवर ते चढतच राहते. रोख रक्कम काढल्यास तर ते पहिल्या दिवसापासून लागते.

सूरह बकराच्या 275 व्या आयतीत व्याज हराम ठरविले आहे. व्याजाची अट असलेला करारच नको, असे अनेक उलमा म्हणतात. मुदतीत पूर्ण फेड करणाऱ्यास काहींनी मुभा दिली आहे. किमान रकमेवर निभावणे त्या मुभेत बसत नाही.

सिबिल स्कोअर 300 ते 900 अंकांत फेडीची शिस्त मोजतो. हलाल-हराम मोजत नाही. व्याज भरणाऱ्याचाही स्कोअर उत्तम असू शकतो.

एका कर्जदार मृताची जनाजाची नमाज पढविण्यास प्रेषित (स.) थांबले, अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच ती पढविली.

म्हणून हाती असेल तेवढेच खर्चा, बिल संपूर्ण फेडा. थकबाकी असेल तर नवी खरेदी थांबवा. अल्लाह आपणा सर्वांना कर्जाच्या ओझ्यातून मुक्त करो. आमीन.