बंदूक शिकताना

सिंधुदुर्गनगरी (ओरोस) येथील जिल्हाधिकारी कार्यालयाकडे शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागणारा शेतकरी बहुधा सैनिक नसतो, शिकारीही नसतो. कापणीला आलेले भात रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेले असते, वानरांनी नारळाच्या बागेची नासधूस केलेली असते, म्हणून तो हवालदिल झालेला असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अशा अर्जदारावर एक बंधन घातले आहे. शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण त्याने घेतले पाहिजे. पुष्कळांना हा केवळ कागदोपत्री सोपस्कार वाटतो. श्रद्धावंत मनाला मात्र वेगळीच शंका छळते. जीव घेण्याचे साधन चालवायला शिकणे हे पाचव्या आज्ञेशी सुसंगत आहे काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच तपासली होती. अनवधानाने घडलेल्या हत्येचा विचार करताना ते म्हणतात की, कृत्य वैध असले तरी पुरेशी काळजी न घेणारा मनुष्य दोषमुक्त होत नाही. बायबलमधील अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. नाहीतर तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येतो. कठडा न बांधणाऱ्याच्या मनात कोणाविषयी वैर नसते. तरीही तो जबाबदार ठरतो. बंदुकीचे प्रशिक्षण हा असाच एक कठडा आहे.

अशा वर्गाला जाणाऱ्याने आरंभीच बार काढायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आधी हात आवरायला शिकायचे असते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळी कधीही माणसाकडे रोखू नये. नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य ओळखावे आणि त्याच्या पलीकडे काय आहे तेही पाहावे. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावे, कारण दारू उशिरानेही पेट घेऊ शकते. वर्गाला जाताना झोप पुरी झालेली असावी, मद्याचा थेंबही घेतलेला नसावा, कान व डोळे झाकण्याची साधने वापरावीत. न समजलेली गोष्ट पुन्हा विचारण्याचा संकोच घरीच ठेवून यावे.

वरवर पाहता हे नियम तांत्रिक वाटतात. पण ते खरे तर शेजाऱ्याविषयीचे नियम आहेत. अंधारात झुडूप हलले म्हणजे तेथे डुक्करच आहे, असे नव्हे. रानात सोबत्यालाच जनावर समजून गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणातील वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. त्या घरांत वैर नसते, असते ती घाई. ज्याला खात्री नाही त्याने चाप ओढू नये, एवढे एक वाक्य त्या वेळी कोणी मनावर बिंबवले असते, तर एखादे घर उघडे पडले नसते.

कोणी म्हणेल, कौशल्य आले की ते वापरण्याचा मोहही येतो. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यालाही लागू असतो. २०१९ च्या दुरुस्तीने तर लग्नकार्यात वा उत्सवात इतरांचा जीव धोक्यात घालून हवेत बार काढणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरवला. परंतु या मोहावर अज्ञान हा उतारा नाही. २०२४ साली पॅरिस येथे रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे आपल्या घाटापलीकडचे, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे. या खेळात श्वासावर आणि मनावर ताबा नसेल, तर नेम साधत नाही. खरे कौशल्य माणसाला उतावीळ करत नाही, ते त्याला थांबायला शिकवते.

पिकाचे रक्षण हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्याच्या मुलांचे अन्न त्यात असते. पण बंदूक घरात आली की तिची जबाबदारीही त्याच घरात येते. ती रिकामी करून कुलपात ठेवणे, काडतुसे वेगळी ठेवणे, मुलांच्या हाती न पडू देणे ही रोजची कामे आहेत. परवाना कागदावर मिळतो. त्याची पात्रता मात्र प्रत्येक रात्री, चापापासून दूर ठेवलेल्या बोटाने पुन्हा सिद्ध करावी लागते.