नेम चुकतो तेव्हा दोष कुठे शोधावा?



एखादे काम बिघडले की मनात दोन उत्तरे चटकन उभी राहतात. एक, 'परिस्थितीच तशी होती.' दुसरे, 'माझ्यातच काही अर्थ नाही.' पहिल्याला आपण सबब म्हणतो आणि दुसऱ्याला नम्रता समजतो. पण दुसरे उत्तर तरी नेहमी खरे असते का? या प्रश्नाचा विचार आज धनुर्विद्येच्या आधारे करू या.

मुंडकोपनिषदात ॐकाराला धनुष्य, आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य म्हटले आहे. हा वेध प्रमाद न करता घ्यावा, असेही तेथे सांगितले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, हातातल्या गोष्टीकडे झालेले दुर्लक्ष. चीनमधील कन्फ्यूशियसच्या परंपरेतही धनुर्धराचा दाखला येतो. नेम चुकला तर खरा धनुर्धर त्याचे कारण स्वतःत शोधतो, असे ती परंपरा सांगते. मात्र 'स्वतःत शोधणे' म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घ्यायला हवे.

कारण बहुधा लहान असते

बांबूच्या साध्या धनुष्याला नेम धरण्यासाठी दुर्बीण किंवा खुणेची पट्टी नसते. त्यामुळे बारीकसा फरकही लक्ष्यावर मोठा होऊन दिसतो. बाण सुटताना दिशा फक्त एका अंशाने चुकली, तर 30 मीटरवर तो सुमारे 52 सेंटिमीटर बाजूला जातो.

हा फरक कशाने पडतो? नवी दोरी वापरता वापरता ताणली जाते आणि दोरी व मूठ यांच्यातले अंतर कमी होते. मग दोरी मनगटाला लागू लागते. दोरीवर बाण लावण्याची जागा थोडी सरकली, तर बाण वर-खाली हेलकावे खात जातो. पिसे ओली झाली की चपटी बसतात आणि बाणाला सावरू शकत नाहीत. बाणाची काडी धनुष्याच्या मानाने फार ताठ असेल, तर उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर उजवीकडे. आणि थकलेल्या हाताने दोरी नेहमीपेक्षा कमी ओढली, तर बाण खाली पडतो.

यातील कोणत्याही कारणाला 'माझी पात्रता नाही' हे उत्तर लागू पडत नाही. पिसे ओली असताना तिरंदाज स्वतःला कितीही बोल लावत बसला, तरी पिसे वाळणार नाहीत. स्वतःला दोष देऊन आपण शोध घेण्याचे कष्ट टाळतो. म्हणून तीही एक सबबच ठरते, फक्त ती ओळखायला अवघड जाते.

एका बाणावरून निवाडा करू नये

अनुभवी तिरंदाज एक बाण चुकला म्हणून लगेच काही बदलत नाही. तो आणखी पाच-सहा बाण सोडतो आणि ते कुठे लागले ते पाहतो. सगळे बाण मध्यापासून दूर, पण एकाच ठिकाणी लागले असतील, तर कारण कायमचे आहे. ते साधनात असेल किंवा अंगवळणी पडलेल्या सवयीत. बाण चहूकडे विखुरले असतील, तर दर वेळी काहीतरी वेगळे घडते आहे. श्वास, हाताची पकड, दोरी सोडण्याची घाई, मनाची चलबिचल, हे सारे तपासायला हवे. तपासतानाही तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारणा झाली ते कळत नाही.

आपण मात्र एका दिवसाचे ध्यान लागले नाही की साधनेची पद्धतच बदलायला निघतो. घरातले कुणी एकदा तुटक बोलले की त्या माणसाच्या स्वभावावर शिक्का मारतो. एका बाणावरून स्वतःचा निवाडा करू नये आणि दुसऱ्याचाही करू नये.

नेम सरकवण्याचा मोह

खरा नैतिक प्रश्न पुढे येतो. बाण सतत डावीकडे जातो, हे लक्षात आल्यावर तिरंदाज नेमच थोडा उजवीकडे धरू लागला तर? बाण लक्ष्यावर लागेल. पाहणारे वाहवा करतील. मग यात बिघडले काय?

वाणिज्य शिकणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक असते. हिशेबात एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका झाल्या की तेरीज जुळते, पण वह्या खऱ्या होत नाहीत. इथेही तसेच होते. अंतर बदलले, बाण बदलला की जमवलेला अंदाज कोलमडतो. तोवर चुकीची सवय मात्र पक्की झालेली असते.

आपल्या जगण्यात असे नेम सरकवणे पुष्कळ चालते. घरच्यांना वेळ देत नाही, म्हणून महागडी भेटवस्तू आणतो. रोजच्या व्यवहारातले खोटे तसेच ठेवतो आणि दान वाढवतो. राग आवरत नाही, म्हणून सेवेचे तास वाढवतो. दान आणि सेवा चांगल्याच आहेत. पण मूळ दोष झाकण्यासाठी त्यांचा वापर झाला, तर तो दोष सुरक्षित राहतो आणि आपल्याला समाधानही मिळते. हे समाधान धोक्याचे आहे, कारण त्यानंतर शोध थांबतो.

स्वतःत शोधणे म्हणजे

दोरी ताणली गेली हा दोष दोरीचा, पण ती तपासण्याची जबाबदारी माझी. 'स्वतःत शोधणे' याचा अर्थ असा घेतला तर अपराधीपणाचे ओझे वाढत नाही आणि सबबीलाही जागा उरत नाही. झोप अपुरी असेल तर ध्यानात डुलकी येणारच. तिथे पश्चात्ताप करण्यापेक्षा झोपेची वेळ सुधारावी. पण झोप पूर्ण होऊनही मन ध्यानाला बसायला नको म्हणत असेल, तर त्याचे कारण आत आहे, हेही मोकळेपणाने मान्य करावे.

या आठवड्यात एवढेच करून पाहा. वारंवार होणारी आपली एक चूक निवडा. सहा दिवस ती फक्त पाहा आणि कधी, कोणत्या वेळी, कशानंतर घडते ते वहीत लिहा. स्वतःला शिक्षा करू नका आणि भरपाईही करू नका. सातव्या दिवशी नोंदी शांतपणे वाचा, त्यांतून दिसणारे एकच लहान कारण दुरुस्त करा आणि पुन्हा अभ्यासाला बसा.