मारका तर नाही ना?

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस आधी जबडा उघडून दात बघतो, दुसा की चौसा ते ठरवतो. मग खूर, खांदा, शेपटीचा गोंडा. किमतीचं बोलणं रुमालाखाली बोटं दाबून चालतं, पण एक प्रश्न सगळ्यांदेखत मोठ्याने विचारला जातो : मारका तर नाही ना? 'एकदम गरीब आहे, पोरगं सोडतं-बांधतं,' असं विकणारा सांगणारच. जाणतं गिऱ्हाईक ते ऐकल्यासारखं करतं आणि बैलाभोवती सावकाश एक फेरी मारतं. बैल डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो का, फुरफुरतो का, पुढच्या खुराने माती उकरतो का, हे बघतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मान खाली घालून, पाठ ताणून, तो अंग आडवं करून उभा राहतो का.

आडवा उभा राहिलेला बैल आपली सगळी लांबी-उंची समोरच्यासमोर मांडत असतो. एवढ्यावर ओळखा आणि बाजूला व्हा, असा तो मामला असतो. अंगावर येणं ही त्याची पुढची पायरी. दोन खिलारी वळूंची झुंज बघितली तरी हेच दिसतं. एवढी लांब, टोकदार शिंगं, पण बराचसा वेळ कपाळाला कपाळ लावून रेटारेटीत जातो. एकाचे मागचे पाय सरकायला लागले की तो वळतो आणि पळतो. जिंकलेला चार पावलं मागे लागतो आणि थांबतो. पळणाऱ्याची कूस उघडी असते. तिथे शिंग घालायची संधी बहुतेक वेळा तशीच सोडली जाते.

शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं अभयारण्य आहे. १९८० साली काळविटांसाठी राखलेला हा माळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचा. विणीच्या काळात तिथला प्रत्येक दांडगा नर थोडी थोडी जागा धरून बसतो. लेंड्यांचे ढीग घालतो, डोळ्याखालच्या ग्रंथीचा वास गवताच्या काड्यांना लावतो आणि नाक वर करून, शिंगं पाठीवर टेकवून शेजाऱ्यासमोर मिरवतो. भांडणं रोजची असतात, शिंगाला शिंग भिडतंही. पण पुष्कळशी भांडणं मिरवण्यातच मिटतात.

हे असं का, यावर विज्ञानात बराच काळ एक गोड उत्तर चालत होतं. कोनराड लोरेन्झने १९६३ साली आक्रमकतेवर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकात प्राण्यांचा हा संयम जातीच्या भल्यासाठी असल्याचं मांडलं. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली 'नेचर'मध्ये त्या उत्तराची हवा काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं : जातीचं भलं कोणी बघत नाही, प्रत्येक जण आपलंच बघतो. सगळेच मरेपर्यंत लढणारे निघाले तर प्रत्येक भांडणात कोणीतरी फाटणार, आणि अशा कळपात अंग राखणाऱ्याची चलती होणार. सगळेच अंग राखणारे निघाले तर एखादा दांडगा सगळं लाटणार. दोन्हींचं कुठेतरी प्रमाण बसतं. मला हे उत्तर लोरेन्झच्या उत्तरापेक्षा जास्त पटतं, कारण त्यात प्राण्यांवर साधुत्व लादलेलं नाही. जखम महाग पडते, एवढंच त्यात आहे. माळावर लंगडणारा नर दोन दिवसांत लांडग्याच्या तोंडी जातो.

विषाचा हिशेब तर याहून काटेकोर. साप विष तयार करतो ते मुख्यतः भक्ष्यासाठी. उंदीर पळून जाऊ नये, त्याने उलटून चावू नये आणि गिळल्यावर पचावा, यासाठी. माणूस त्याला गिळता येत नाही, म्हणजे माणसावर खर्च झालेलं विष वायाच गेलं. रिकामी झालेली ग्रंथी पुन्हा भरायला दिवस लागतात, आणि तोवर शिकार अडते. म्हणून आधी इशारे. नाग उभा राहून फणा काढतो. घोणस अंग फुगवून असा फूत्कार सोडते की बांधापलीकडचा माणूस थबकतो. फुरसं वीतभर ते हातभर लांबीचं, त्याला फुगून दाखवायला अंगच नाही. ते इंग्रजी आठासारखी वेटोळी घालतं आणि त्या वेटोळ्या उलटसुलट एकमेकांवर घासत राहतं. त्याच्या कुशीवरच्या तिरक्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज येतो. फूत्काराबरोबर अंगातली वाफ बाहेर जाते. कोरड्या मुलखातल्या सापाला तेवढं पाणीही परवडत नाही म्हणून हा घासण्याचा मार्ग, असा एक तर्क आहे.

इशारा वाया गेला आणि साप चावलाच, तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. अशा कोरड्या दंशाने काहीच होत नाही. त्यात आपल्याकडचे बहुतेक साप मुळातच बिनविषारी : धामण, दिवड, नानेटी, कवड्या. गावोगावच्या मांत्रिकांची सगळी पत या दोन गोष्टींवर उभी आहे. दहातले जे आपोआपच वाचणार होते ते मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात, आणि जो जातो त्याला 'उशिरा आणला' म्हणायचं.

शेतात सापडणाऱ्या मांडुळाची गोष्ट वेगळी आहे. ते चावत नाही, विषारी नाही, फणा नाही, फूत्कार नाही. घाबरलं की डोकं वेटोळ्याखाली दडपतं आणि बोथट शेपूट पुढे करतं. शेपूट दिसायला थेट डोक्यासारखी, त्यामुळे मुंगसाने चावा घेतला तरी तो शेपटीवर जातो आणि जीव वाचतो. नेमकी हीच युक्ती माणसाच्या डोळ्यात भरली. दुतोंड्या ठरलेल्या या सापाला गुप्तधन आणि पैशाचा पाऊस चिकटवला गेला, आणि आता त्याची लाखांच्या बोलीने चोरटी विक्री होते. मांडूळ विकताना पकडल्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत नेमाने येते.

विंचवाकडे बघायचं तर नांग्या बघाव्यात. मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी, जाडजूड नांग्यांनी भक्ष्य चिरडते. तिचं विष त्यामानाने सौम्य. लहानखुरा लाल विंचू नाजूक नांग्यांचा, त्याचं सगळं बळ शेपटीच्या टोकाला. दोन्ही हत्यारांवर सारखा खर्च सहसा होत नाही. लाल विंचवाने कोकणात किती पोरं नेली याची कल्पना आज येणार नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा गंभीर विंचूदंशाचे शंभरातले चाळीसएक रुग्ण दगावत. घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. खाटेशेजारी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरातल्याच उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं, हे त्यांना उमगलं. रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवावर इतका वेळ बसून विचार करणारा माणूस वातानुकूलित प्रयोगशाळेत नव्हता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आता पुन्हा श्रीगोंद्याकडे. इशारा चालायचा तर दोन गोष्टी लागतात : उजेड आणि अंतर. घोड आणि कुकडीच्या पाण्याने हा तालुका उसाचा झाला आणि दोन्ही गोष्टी कमी झाल्या. उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही. पाचटाखाली उंदीर, उंदरांमागे घोणस. शेतीची वीज पाळीपाळीने, निम्मे दिवस रात्रीची. शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन बारे द्यायला जातो, मोटारीच्या आवाजात फूत्कार ऐकू येत नाही आणि पाय थेट वेटोळ्यावर पडतो. सापाने आपलं काम चोख केलेलं असतं. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिची चर्चा युनिट आणि मेगावॉटच्या भाषेत होते. सर्पदंशाच्या भाषेतही व्हायला हवी. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरात.

मण्यार मात्र या सगळ्या मांडणीत बसत नाही. ती फणा काढत नाही, फारसा आवाज करत नाही. रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात जाते आणि कूस बदलताना दबली की चावते. दंश इतका बारीक की काही वेळा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास.

बिबट्याही इशारा देत नाही, कारण त्याचं सगळं जगणं न दिसण्यावर आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी आपल्याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावले तेव्हा शेतं आणि वस्त्यांच्या त्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे निघाले. खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा. इतके बिबटे शेजारी राहत होते आणि गाव झोपत होतं. त्याआधीचं जुन्नरचं उदाहरण उलटं आहे. तिथे पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडायचं सत्र सुरू झालं आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून २००१ ते २००३ मध्ये सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेल्या, माणसांनी हाताळलेल्या जनावराचा अंदाज चुकतो. अर्थात हे पिंपरखेडच्या आईबापांना ऐकवायची माझी हिंमत नाही. घोड नदीच्या खोऱ्यातल्या त्या परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. तिथे पिंजरा हवाच होता.

पण घबराटीचं आणि मरणाचं प्रमाण जुळत नाही. बिबट्याने मारलेल्या माणसाच्या वारसांना वन खातं २५ लाख देतं. साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून २ लाख, तेही कागद जुळले तर. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतील. फडाच्या कडेला कोप्या पडतील आणि लेकरांना घेऊन माणसं चटईवर झोपतील. एक बाज आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यावर मण्यार बाहेर राहते. बिबट्याच्या पिंजऱ्यासाठी रस्ता अडवलेला मी पाहिला आहे. कोपीत बाज द्या म्हणून कोणी कारखान्याच्या गेटवर बसल्याचं मात्र ऐकिवात नाही.