उरलेल्या अन्नाचं पाप

मी साताऱ्यात आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करायला जोडीनं येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो, घरात उरलंसुरलं कोण संपवतं? पुरुष बायकोकडे बघतो. ती म्हणते, "मीच की, मॅडम. अन्न टाकलं तर पाप लागतं."

अन्न पवित्र आहे, हे मीही मानते. पण ते पावित्र्य सगळ्या घरानं राखायचं, की एकीच्या पोटानं? मुलानं अर्धवट टाकलेली चपाती, सासऱ्यांनी नको म्हटलेला भात, पातेल्याच्या तळाची आमटी, सगळं शेवटी तिच्याच ताटात येतं. भूक भागल्यावर पोटात ढकललेलं अन्न माझ्या मते वायाच गेलेलं असतं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीएमआय 25 किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रिया 24 टक्के आणि पुरुष 22.9 टक्के आढळले. म्हणजे दुखणं जवळपास सारखंच. पथ्य मात्र सारखं नसतं. नवऱ्याला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं की त्याच्यासाठी वेगळी भाकरी, कमी तेलाची भाजी, सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण. तिला सांगितलं तर, "माझ्या एकटीसाठी वेगळं कशाला?" त्यात पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त, म्हणून त्याचं वजन सुरुवातीला भरभर उतरतं. हिची पाळी जाण्याच्या वयात तर चरबी पोटावर साठू लागते. मग ती स्वतःलाच दोष देते, जिद्द नाही म्हणते. चरकसंहितेनं स्थूलपणाच्या कारणांत अतिखाण्याबरोबर बीजस्वभावही, म्हणजे जन्मानं आलेली प्रकृतीही, सांगून ठेवली आहे. इतक्या जुन्या ग्रंथानं सगळा दोष खाणाऱ्याच्या माथी मारला नाही. आपण का मारावा?

आणि उपवास. सोमवार, संकष्टी, एकादशी, बहुतेक घरच्यांच्या भल्यासाठी धरलेले. दिवसभर पोट रिकामं, मग साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचे लाडू. गीतेच्या सहाव्या अध्यायात अती खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असं सांगितलं आहे. ही बाई एकाच आठवड्यात दोन्ही करते, आणि दोन्ही दुसऱ्यांसाठी. देवाला हे हवं असेल, असं मला वाटत नाही.

तेव्हा कणीक मोजून मळा. ज्यानं ताटात वाढून घेतलं त्यानंच संपवावं. तरी उरलं, तर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी सगळ्यांनी वाटून खावं. आणि घरातली बाई संध्याकाळी चालायला निघाली, तर गॅसपाशी दुसऱ्या कुणीतरी उभं राहावं.