माझ्यावरून दुसऱ्याला मोजताना



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला, बत्तिसावा. भावार्थ असा, की जो आपल्यावरून सगळ्यांकडे पाहतो, दुसऱ्याचं सुखदुःख आपल्या सुखदुःखासारखं मानतो, तो भगवंतांच्या मते श्रेष्ठ योगी. शंकराचार्य भाष्यात हे फार सोपं करून सांगतात. मला सुख जसं हवंसं वाटतं तसं सगळ्यांना वाटतं, दुःख जसं नकोसं तसं सगळ्यांनाच नकोसं. हे ज्याला उमगलं तो कोणाला दुखावत नाही.

वाचताना लगेच पटतं. पण थोडं थांबून बघा, 'आपल्यावरून' म्हणजे नक्की कसं? ढोल-ताशाचं पथक जवळून गेलं की माझे पाय आपोआप ठेका धरतात. एखाद्या स्वमग्न मुलाला तोच आवाज शरीरात खुपणारा असू शकतो. मी माझ्यावरून मोजलं तर म्हणणार, "अरे चल की, मजा येईल!" आणि त्याचा हात धरून पुढे ओढणार. हेतू प्रेमाचा, घडलं मात्र दुखावणंच. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक वाक्य बदनाम आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." समोरच्याचं मशीन वेगळं आहे हे विसरून केलेलं आत्मौपम्य हे असंच असतं.

हा प्रश्न माझ्या मनात आला तो मुलांच्या एका मालिकेमुळे. 'अ काइंड ऑफ स्पार्क' ही बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर २०२३ मध्ये आलेली मालिका. एल मॅक्निकोल या स्कॉटिश लेखिकेच्या २०२० च्या कादंबरीवर ती बेतलेली आहे, आणि लेखिका स्वतः ऑटिस्टिक आहे. नायिका ॲडी ही स्कॉटलंडमधल्या जुनिपर नावाच्या काल्पनिक गावातली अकरा वर्षांची ऑटिस्टिक मुलगी. तिची मोठी बहीण कीडी हीसुद्धा ऑटिस्टिक. मालिकेतल्या ऑटिस्टिक पात्रांच्या भूमिका ऑटिस्टिक कलाकारांनीच केल्या आहेत.

आता कोणी विचारेल, हा हट्ट कशाला? नट म्हणजे परकायाप्रवेश करणारा. 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमनने केलंच की, ऑस्करही मिळालं. 'माय नेम इज खान'मध्ये शाहरुखनेही केलं. शिवाय आत्मौपम्य खरं असेल, तर एका माणसाला दुसऱ्याचं दुःख दाखवता आलंच पाहिजे. नाहीतर आजच्या श्लोकाला अर्थ काय उरला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना मला आपलेच दोन संत आठवले. नाथमहाराजांनी भारुडं लिहिली ती किती जणांच्या तोंडून! जोशी, गोंधळी, महार, मुका, आंधळा. पैठणच्या ब्राह्मणाने महाराच्या तोंडून बोलावं आणि त्यातून समोरच्याला वेदान्त सांगावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण नाथांच्या आधी जवळजवळ अडीचशे वर्षं चोखोबा स्वतः बोलून गेले होते. देवळाबाहेर उभं राहणं काय असतं हे त्यांनी आतून सांगितलं. आपण दोघांनाही वंदन करतो. तरी नाथांची भारुडं आहेत म्हणून चोखोबांचे अभंग नसते तरी चाललं असतं, असं कुठला वारकरी म्हणेल?

मला वाटतं उत्तर इथेच आहे. दुसऱ्याचं दुःख मांडायला मनाई नाही. पण ज्याचं ते दुःख आहे त्याला उंबऱ्याबाहेर ठेवून मांडणं, यात खोट आहे. बाहेरून पाहणाऱ्या नटाला दिसतं ते हात हलवणं, नजर चुकवणं. त्या हात हलवण्याने आतला गोंधळ शांत होतो, ते माणसाचं स्वतःला सावरणं असतं, हे आतल्या माणसाने सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि पाहणारी मुलं असतात. वर्गातल्या वेगळ्या मुलाकडे बघून हसायचं की त्याच्या शेजारी बसायचं, हे ती अशा गोष्टींतूनही शिकतात.

मालिकेच्या कथेत मला सगळ्यात भिडलं ते पुढे आहे. आपल्या गावात पूर्वी बायकांना चेटकीण ठरवून मारलं होतं हे ॲडीला शाळेत कळतं, आणि त्यांच्यासाठी स्मारक व्हावं म्हणून ती गावाच्या मागे लागते. गाव काल्पनिक असलं तरी तो इतिहास खरा आहे. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ चेटूकविरोधी कायदा होता. त्या काळात सुमारे चार हजार लोकांवर आरोप झाले, त्यात बहुतेक स्त्रिया. ८ मार्च २०२२ ला तिथल्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली.

ॲडीला त्या बायकांत स्वतः दिसते. वेगळी दिसली, वेगळी वागली, म्हणून शिक्षा झाली. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या अनोळखी बायकांचं दुःख ती आपलं मानते. हाच तर आजचा श्लोक! आणि जगतं कोण आहे तो? 'यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत' असं जिच्यासारख्यांबद्दल सर्रास बोललं जातं, ती. आपला 'स्वमग्न' हा शब्दसुद्धा बाहेरून पाहणाऱ्यानेच ठेवलेला. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये म्हटलं, की न कळणं हे दोन्ही बाजूंनी असतं. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. दोष मात्र एकाच्याच नावावर लागतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ॲडी बोलकी आहे, नेमकं बोलते. कितीतरी ऑटिस्टिक मुलं बोलत नाहीत. त्यांच्या आईवडिलांना ही गोष्ट आपली वाटेलच असं नाही. एका ॲडीवरून सगळ्यांना मोजलं, तर ती पुन्हा तीच चूक. आणि अशा मुलांना 'देवाची विशेष लेकरं' म्हणून मखरात बसवणं हाही त्यांना न ऐकण्याचाच प्रकार. मखरातल्या मूर्तीला कोणी विचारत नाही, बाळा, आवाज जास्त होतोय का?

मग 'आपल्यावरून' म्हणजे काय? मला आज उमगलेला अर्थ असा. माझं सुख ज्या गोष्टीत आहे तीच त्याला द्यायची, असं भगवंत म्हणत नाहीत. माझं दुःख मला जितकं खरं आहे, तितकंच त्याचं त्याला खरं आहे, मला ते जाणवलं नाही तरीही. माझं डोकं दुखतं तेव्हा लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असं मला वाटतं ना? तोच विश्वास त्यालाही द्यायचा. तो बोलत नसेल, तर कानावर ठेवलेले त्याचे हात हाच त्याचा शब्द.

आजचा संकल्प एवढाच. घरात, शेजारी, सोसायटीच्या गणपतीत असं एखादं मूल असेल, तर त्याला काय आवडेल हे आधी ठरवायचं नाही. विचारायचं किंवा बघायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. ढोल थोडे लांब वाजले तरी बाप्पापर्यंत पोचतात.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥