धोका कळला, पुढे काय?

लाळेचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला की काही आठवड्यांत भावी आजारांचा अहवाल हाती येतो. हृदयविकार, मधुमेह यांच्या रांगेत उतारवयात दृष्टी जाण्याचा धोकाही त्यात आता मोजून दिलेला असतो. यामागच्या विज्ञानाला माझा विरोध नाही; डोळ्यांच्या आजारांबाबत त्याने जे उलगडून दाखवले ते विलक्षण आहे. पण धोका कळला म्हणजे त्याचा माणसाला उपयोग झालाच, असे नाही. दोन आजार शेजारी ठेवून पाहिले की हे स्पष्ट होते.

पहिला आजार एएमडी, म्हणजे वयपरत्वे होणारा मॅक्युलाचा ऱ्हास. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा हा मधला चिमुकला भाग खराब झाला की वाचताना अक्षरे गळतात, दाराची सरळ चौकट वाकडी दिसते, समोरच्याचा चेहरा पुसट होतो. कडेचे मात्र दिसत राहते. 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉबर्ट क्लाइन आणि सहकाऱ्यांनी 96 रुग्ण आणि 50 निरोगी माणसे यांच्या जनुकसंचांची तुलना मांडली. शोध पहिल्या गुणसूत्रावरच्या सीएफएच या जनुकापाशी येऊन थांबला. त्यापासून बनणाऱ्या ‘फॅक्टर एच’ या प्रथिनात 402व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन असले, तर धोका वाढतो. त्याच वर्षी इतर गटांनाही हेच आढळले. इतक्या थोड्या माणसांत खूण सापडली, कारण ती सर्रास आढळणारी होती आणि तिचा प्रभावही मोठा होता. पुढच्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात एक प्रत असणाऱ्याचा धोका सुमारे अडीच पट, तर दोन्ही प्रती असणाऱ्याचा सुमारे सहा पट निघाला.

या शोधाचे मोल मोठे आहे. आपल्या रक्तात जंतूंवर तुटून पडणारी ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची फळी असते. तिने आपल्याच पेशींवर हल्ला करू नये म्हणून फॅक्टर एच तिला आवरतो. ज्याला वयाची झीज म्हणून सोडून दिले जाई, त्यात प्रतिकारयंत्रणेच्या अनावर दाहाचाही हात आहे, हे यातून ठळक झाले. या दिशेने केलेल्या औषधांपैकी एक 2017 मध्ये मोठ्या चाचण्यांत फसले. 2023 मध्ये अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली. डोळ्यात इंजेक्शनने द्यावी लागणारी ही औषधे एएमडीच्या ‘कोरड्या’ म्हटल्या जाणाऱ्या प्रकारातला ऱ्हास मंदावतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. तरीही हा पुढे पडलेला पाय आहे, आणि तो पडला आजार समजल्यामुळे; कोणा एकाच्या हाती अहवाल आल्यामुळे नव्हे.

एकेका माणसाच्या बाबतीत चित्र बदलते. युरोपीय वंशाच्या निम्म्याहून अधिक लोकांत या खुणेची किमान एक प्रत असते, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर शाबूत राहते. पूर्व आशियात ती विरळ आहे, तरी आजार तिथेही होतो. अहवालात धोका जास्त आला काय किंवा कमी आला काय, डॉक्टरांचा सल्ला एकच: सिगारेट सोडा, पडदा तपासून घ्या, सरळ रेषा वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात या. धूम्रपानाने हा धोका दुप्पट ते चौपट होतो, आणि ते सांगायला लाळ तपासावी लागत नाही. उलट ‘धोका कमी’ असे वाचून माणूस गाफील राहिला, तर तो अहवालच अपाय करतो.

दुसरा आजार काचबिंदू. 1997 साली मायोसिलिन या जनुकातील दोषाचा त्याच्याशी संबंध उघड झाला. पण नेहमीच्या काचबिंदूच्या प्रौढ रुग्णांत हा दोष शंभरातल्या तीन-चार जणांतच सापडतो. म्हणजे ही चाचणी निर्दोष आली तरी दिलासा फारसा नाही. आनुवंशिकता मात्र पक्की आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या 1998 सालच्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता 22 टक्के, तर इतरांच्या नातेवाइकांना 2.3 टक्के आढळली. काचबिंदू दुखत नाही. नजर कडेने कमी होत जाते आणि गेलेली परत येत नाही. पण वेळेत निदान झाले तर थेंबांनी डोळ्याचा दाब उतरवून बहुतेकांची उरलेली नजर राखता येते. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काचबिंदू आढळलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते.

इथे धोका कळण्याला अर्थ आहे, कारण पुढे करण्यासारखे बरेच काही आहे. पण आपली व्यवस्था रुग्णाला एकटा समजते. घरात कोणाला काचबिंदू होता का, हे त्याला विचारले जाते. तुमच्या भावंडांना आणि चाळिशीच्या मुलांना तपासायला आणा, असे आवर्जून सांगणारे थोडे. घरातही ‘वय झालं, आता असंच दिसायचं’ म्हणून विषय मिटतो. सासरी गेलेल्या बहिणीला भावाच्या डोळ्यांत थेंब सुरू झाल्याचे कळतही नाही, आणि धोका तिलाही तेवढाच असतो.

पुढे जनुकीय चाचण्या अचूक होतील, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र आजवरची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि ती जशीच्या तशी इतरांना लागू पडत नाही. काचबिंदूच्या एका प्रकाराशी निगडित एलओएक्सएल1 या जनुकातील जी खूण आइसलँडमध्ये धोक्याची ठरली, जपानमध्ये तिच्या नेमकी उलट खूण धोक्याची निघाली. आपल्याकडची माणसे मोठ्या संख्येने अभ्यासली जाईपर्यंत परक्या आकड्यांवर आपले भविष्य मांडणे घाईचे आहे.

आपल्या जनुकांविषयी जाणून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहेच. पण सार्वजनिक पैसा आणि डॉक्टरांचा वेळ कुठे आधी लावायचा, हा प्रश्न आला की माझे उत्तर स्पष्ट आहे. काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर त्याच्या भावंडांची आणि मुलांची नोंद असावी, त्यांच्या डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासली जाईपर्यंत ती नोंद बंद होऊ नये, आणि ही तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत असावी. आनुवंशिकतेविषयी आज जे निश्चित ठाऊक आहे, तेवढे वापरले तरी पुष्कळांची नजर वाचेल.